अपघातानंतर करंट लावणं म्हणजे लूट? बापूंना उत्तर

सिंहगडरोडकर:
'अपघातानंतर काय काळजी घ्यावी' या धाग्यावर काल बाणेरच्या बापूंनी लिहिलं: "फिजिओकडचं करंटचं मशीन म्हणजे निव्वळ लूट. पॅड लावायचे, पेशंटला झोपवायचं, पैसे घ्यायचे. हाड जुळलं की चालायला लागा, स्नायू आपोआप भरतात." वाचून डोकं तापलं. दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

स्नायू आपोआप भरत नाहीत, बापू. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नवऱ्याच्या गाडीला मागून कंटेनरने धडक दिली. गुडघा डॅशबोर्डवर आपटला, खालच्या हाडात प्लेट बसली. ब्रेस निघाला तेव्हा मांडी बारीक झाली होती, पण त्याहून वाईट म्हणजे ती ऐकत नव्हती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून "दाबा" म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम फुटायचा आणि गुडघ्याची वाटी तसूभर हलायची नाही. फिजिओने दोन मोठे पॅड लावले, एक मांडीवर वर बाहेरच्या अंगाला, दुसरा गुडघ्याच्या जरा वर आतल्या अंगाला. करंट हळूहळू वाढवला आणि वाटी वर सरकली. तो नुसता बघत राहिला. त्यानंतर करंट येईल त्याच क्षणी स्वतःही जोर लावायचा, हा नियम. झोपायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाणेरचा बापू:
लूट म्हणालो आणि पुन्हा म्हणतो. मलाही सिग्नलला मागून टेम्पोने ठोकलं होतं. मान आणि कंबर धरली. क्लिनिकमध्ये आधी पॅकेजचे पैसे, मग पडदा ओढून पॅड. लावणारी मुलगी मोबाईल घेऊन बाहेर. फिजिओ पहिल्या दिवशी दिसले तेवढेच. मला एकही व्यायाम शिकवला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे करंट देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. हे मी मनाचं बोलत नाही.

हाडाची फिजिओ:
तुम्ही दोघं दोन वेगळ्या करंटवरून भांडताय. बापूंना लावला तो बहुतेक आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल. तो आणि टेन्स दुखणं कमी करण्यासाठी. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गेट सिद्धांतावर (स्पर्शासारख्या संवेदना दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडवतात) टेन्सची कल्पना उभी आहे. त्याने स्नायूला ताकद येत नाही.

ताईंच्या मिस्टरांना लावलं ते स्नायू आवळणारं. गुडघ्याला इजा झाली, सूज आली की मज्जासंस्थाच मांडीच्या स्नायूचा आवाज दाबते. पेशंट आळशी नसतो, त्याचा हुकूम खाली पोचत नसतो. अशा वेळी स्नायूला हुकूम पोचवणारी मोटर नर्व्ह बाहेरून चेतवावी लागते. साधारण ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पन्नासेक ठोके, दहा सेकंद चालू आणि त्याच्या कितीतरी पट विश्रांती, कारण करंटने आवळलेला स्नायू लवकर थकतो. पेसमेकर असेल किंवा पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर लावायचं नाही. मानेवर पुढच्या बाजूलाही नाही. आणि स्नायूची नर्व्हच तुटली असेल तर करंटचे हे नेहमीचे छोटे ठोके कामाचे नाहीत.

नऱ्हेवासी:
अवांतर, पण राहवत नाही. करंटवर इतकं लिहिलंत, कंटेनर मागून का आला ते कुणी विचारणार का? कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार. डिझेल वाचवायला ड्रायव्हर न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद, प्रत्येक ब्रेकला हवा कमी, शेवटी पेडल दाबून उपयोग नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. तेव्हाही चर्चाच झाली.

सदाशिवपेठी:
सगळं खापर ट्रकवर नको. त्याच उतारावर कारवाले डावीकडून उजवीकडे घुसतात, रिक्षा मध्येच थांबतात, नऱ्ह्याची मंडळी सर्व्हिस रोडवरून उलटी येतात. लोडेड गाडी दहा फुटांत थांबत नाही.

नऱ्हेवासी:
उलटी येतात कारण सरळ जायला किती लांब वळसा पडतो ते पेठेत बसून कळणार नाही. आमची पोरं त्या चौकातून रोज कॉलेजला जातात. सायरन ऐकला की आई आधी फोन लावते. तुम्ही आम्हाला शिस्त शिकवू नका.

सदाशिवपेठी:
माझा मेहुणा त्या रस्त्यावर लोडेड ट्रक चालवतो. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरतो. मागच्या कारवाल्यांच्या शिव्या खातो, हॉर्न ऐकतो. न्यूट्रल करणारे नालायक आहेत, हे मान्य. सगळ्यांना त्यात ओढलंत तर उत्तर देणारच.

नऱ्हेवासी:
मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा, मनापासून. तसे सगळे उतरले असते तर मी हे लिहिलंच नसतं. पण वेगाचे कॅमेरे लावून भागत नाही, बोगदा संपताच प्रत्येक ट्रकचा गिअर कोण बघणार?

सिंहगडरोडकर:
दोघांचंही पटतंय, पण उतारासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. इथे मला बापूंकडून उत्तर हवंय.

बाणेरचा बापू:
घ्या. मांडी हुकूम ऐकत नसेल तर तुमचा करंट मान्य. तेवढंच. माझ्या कंबरेचे गेलेले पैसे मान्य करायला सांगू नका. आणि ऑनलाइन मिळणारे करंटचे पट्टे? भाचा म्हणतो मागवू, घरीच लावू.

हाडाची फिजिओ:
मागवू नका. पॅड दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी भलताच स्नायू आवळतो. ज्या कातडीला स्पर्श कळत नाही तिथे भाजतं आणि समजतही नाही. बापू, तुमची मान-कंबर हलती ठेवायला हवी होती, हळूहळू, दुखणं सांभाळत. ते कुणी शिकवलं नाही हा राग मला पूर्ण मान्य आहे. आमच्याच व्यवसायातली ही कामचुकारी आहे आणि मला तिची चीड येते. पुढच्या वेळी पॅड लावायला आले की आधी विचारा: हा दुखण्यासाठी की ताकदीसाठी? ताकदीसाठी म्हणाले तर स्नायू डोळ्यांना आवळलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर तिथेच थांबवा आणि फिजिओला बोलवा.