मदत हवी आहे: काचेची शेगडी, न शिजणारी डाळ आणि धुराचा अलार्म

परदेशात शिकायला आल्यावर सामायिक स्वयंपाकघर वाट्याला आलंय. शेगडी विजेची, वर काळी काच, खाली लाल होणारे गोल. इंडक्शन नाही, कारण ॲल्युमिनियमची भांडीही तापतात. एकट्यापुरतं वरण-भात आणि एखादी भाजी, एवढंच करायचं असतं. अडचणी अशा:

तीन लिटरच्या कुकरमध्ये पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळ अख्खी राहते आणि तळाचं पाणी मात्र आटतं. फोडणी केली की धुराचा अलार्म वाजतो. दोन-तीन दिवसांचं एकदम करून ठेवलं तर भात किती टिकतो? शिवाय भारतातून मिक्सर मागवावा का?

प्रतिसाद: शिट्टीबहाद्दर

आधी शेगडी समजून घ्या, निम्मं काम तिथेच होईल. गॅस मंद केला की आच लगेच उतरते. इथे बटण फिरवलं तरी काच दोन-चार मिनिटं तापलेलीच असते. म्हणून मंद करूनही शिट्ट्या धडाधड येत राहतात. पाच शिट्ट्या झाल्या खऱ्या, पण त्या भराभर झाल्या. डाळीला वेळ मिळालाच नाही आणि वाफ बाहेर पडून तळाचं पाणी गेलं. शिट्ट्या मोजणं सोडा, घड्याळ लावा.

अर्धा कप तूरडाळ धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. डब्यात डाळीच्या तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, अर्धा चमचा तेल. कुकरच्या तळाशी दीड ते दोन कप पाणी. मोठ्या गोलावर पूर्ण आचेवर ठेवा आणि त्याच वेळी शेजारचा लहान गोल ९ पैकी ३ वर सुरू करा. पहिली शिट्टी झाली की कुकर उचलून त्या लहान गोलावर ठेवा. तिथून दहा मिनिटं. मग बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर डाळ आतून कच्चट राहते.

कुकर काचेवरून सरकवू नका, उचला. ॲल्युमिनियमचे करडे ओरखडे उमटतात आणि ते सामायिक शेगडीवर तुमच्याच नावावर लागतात. साखरेचा किंवा गुळाचा पाक सांडला तर काच गार व्हायची वाट पाहू नका; जपून, काच खरवडायच्या पात्यानं लगेच काढा. तो गार होऊन घट्ट बसला की काचेचा टवका उडू शकतो.

३ वर ठेवल्यावर गोल मधूनच लाल होतो, मधूनच विझतो. शेगडी बिघडलेली नाही, आच राखायची तिची तीच पद्धत आहे. भांडं मात्र सपाट बुडाचं हवं. गोल बुडाची कढई मधोमध टिचभर टेकते आणि बाकी सगळी गारच राहते.

प्रतिसाद: हिंगाची डबी

फोडणीलाही तोच नियम. तडतडल्यावर बटण बंद करून उपयोग नाही, भांडंच काचेवरून उचला.

लोखंडी पळी या शेगडीवर नीट बसत नाही. दांडीचं छोटं, जाड बुडाचं पातेलं घ्या. रिफाइंड तेल एक मोठा चमचा, आच ९ पैकी ५, त्याहून जास्त कधीच नाही. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तडतडला तरच बाकीची मोहरी घाला आणि वर झाकण ठेवा. आवाज मंदावला की पातेलं उचलून बाजूला घ्या. मग जिरं, हिंग, हळद आणि सगळ्यात शेवटी तिखट. तेलाची उष्णता त्यांना पुरते. सर्वात जास्त ठसका लागतो तो करपलेल्या तिखटाचा. लगेच फोडणी वरणात ओता.

शेगडीवरचा पंखा तेल तापत ठेवायच्या आधी लावा. त्याची नळी बाहेर गेली आहे का तेही बघा. नसेल तर तो हवा गाळून परत खोलीतच सोडतो. वास थोडा कमी होतो, वाफ तशीच राहते. अशा वेळी खिडकी उघडा आणि बोळाकडचं दार लावून घ्या, अलार्म बहुतेक तिकडेच असतो. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. आग लागली तर जीव जातील, शिवाय भाडेकरारातही ते सहसा चालत नाही.

धागाकर्ता

घड्याळ लावून केलं. बरीच सुधारणा आहे, पण काही दाणे अजून टणक लागतात. केटलमध्ये पांढरा थर जमतो, त्याचा संबंध असेल का? टोमॅटो डाळीबरोबरच शिजायला टाकतो.

प्रतिसाद: शिट्टीबहाद्दर

दोन्हींचा संबंध आहे. तो पांढरा थर म्हणजे जड पाण्यातले क्षार. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आवळून धरतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल यांचा आंबटपणाही तेच करतो. आंबट सगळं डाळ शिजल्यावर घाला. शक्य असेल तर शिजवायला गाळलेलं पाणी वापरा. नाहीतर अर्ध्या कप डाळीला खाण्याचा सोडा, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच. जास्त झाला की साबणासारखी चव येते. मिठाला मात्र उगाच दोष देतात, ते आधी घातलं तरी डाळ शिजते. एवढं करूनही दाणे टणक राहिले तर डाळच जुनी आहे, पाकीट बदला.

प्रतिसाद: गारेगार

भाताबद्दल. वरणापेक्षा भात जपायचा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात कुकरमध्ये तसाच ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची सवय असेल तर ती सोडा. उरलेला भात ताटात पसरा, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा गरम करायचा तो एकदाच, आणि पार वाफाळेपर्यंत.

त्याहून जास्त दिवसांचा करायचा तर एका जेवणापुरत्या पिशव्या भरा, चपट्या दाबून फ्रीझरमध्ये ठेवा. चपट्या असल्या की लवकर गोठतात आणि मायक्रोवेव्हमध्ये सारख्या तापतात. वरण, उसळही उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चांगली राहते. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना पदार्थ फुगतो. बटाटा घातलेली भाजी गोठवू नका, बटाटा रवाळ आणि पाणचट होतो.

आणि फोडणी आधीच करून बाटलीत भरायचा विचार असेल तर त्यात लसूण किंवा कढीपत्ता नको. तेलाखाली हवा पोचत नाही, अशा ओलसर लसणात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. मोहरी-जिरं-हिंगाची कोरडी फोडणी फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येते.

प्रतिसाद: हिंगाची डबी

मिक्सरचं राहिलं. तुमच्या देशात २२० ते २४० व्होल्ट असतील तर फक्त पिनेचा ॲडॉप्टर पुरतो. १०० किंवा १२० व्होल्ट असतील तर मागवू नका. ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिनेचा आकार बदलतो. मिक्सर रडतखडत फिरेल आणि वाटण होणार नाही. ७५० वॉटच्या मिक्सरला चालेल असा ट्रान्सफॉर्मर निदान दीडपट क्षमतेचा लागतो, आणि तो उचलताना विटा बऱ्या वाटतात. तिथलाच छोटा ग्राइंडर घ्या. कुठले व्होल्ट आहेत ते लॅपटॉपच्या चार्जरवर बघू नका, त्यावर १०० ते २४० सगळंच लिहिलेलं असतं. सामायिक केटलच्या बुडाखालचं लेबल वाचा.