‘असभ्य गोंगाट’ म्हणजे नेमकं काय? (सोसायटीचा ग्रुप ‘तिन्ही विंग मराठी मंडळी’, इंदूर)

शुभदाताई, ए-403: अनंतराव, लिफ्टमधली नोटीस वाचली. “ए विंगमधील काही बेजबाबदार रहिवासी रात्री उशिरा असभ्य गोंगाट करतात. सुसंस्कृत सोसायटीला हे शोभत नाही.” म्हणजे आम्ही सगळेच का? पाहुणे वाचतात हो ते.

अनंतराव, सेक्रेटरी: ताई, नाव कोणाचंच घेतलेलं नाही. तक्रार आली, नोटीस लावली.

मोहनकाका, ए-101: फक्त ए विंगच का?

देशपांडे सर, बी-204: अनंतराव, राग मानू नका. बेजबाबदार, उशिरा, असभ्य, गोंगाट, सुसंस्कृत, शोभत नाही. हे सगळे मत देणारे शब्द. ते खोडले की उरतं “ए विंगमधील काही रहिवासी रात्री करतात.” काय करतात, ते नोटिशीत नाहीच.

नितीन, बी-305: सरांनी नोटिशीचं पोस्टमॉर्टेम केलं 😀

अनंतराव, सेक्रेटरी: मग काय गोड गोड लिहायचं? ज्यांची झोप मोडते ते मला फोन करतात, सरांना नाही.

देशपांडे सर, बी-204: गोड नको. मत देऊच नका असंही नाही, पण कशाच्या जोरावर दिलं ते दिसू द्या. आधी घडलं काय: शनिवारी रात्री 11:40 ला गच्चीवर स्पीकर चालू होता. मग नियम काय. मग रहिवाशांनी काय करायचं. मधला नियम गाळला की भांडण लागतं, कारण ‘असं आहे’ वरून ‘असं करू नये’ आपोआप निघत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच यावर बोट ठेवलं होतं.

विद्या, सी-301: नियम तयार आहे की. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम: निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आकडा टाका, मताचा प्रश्नच मिटला.

देशपांडे सर, बी-204: मिटत नाही, विद्या. समजा 52 डेसिबल भरले, तर ते मोजमाप. पण मर्यादा 45 च का? रात्रीची झोप जपायला हवी असं आधी कोणीतरी मानलं म्हणून. आकड्यातही मत मुरलेलं असतंच, फक्त ते आधी जाहीर झालेलं असतं आणि सगळ्यांना सारखं लागतं. आणि मोबाइलच्या ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून लावू नका. त्याचा माइक कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण यंत्राशी ताडून घेतलेला नसतो, दोन फोन शेजारी ठेवले तरी आकडे वेगळे येतात. वेळ लिहा, ती कोणालाही तपासता येते.

मोहनकाका, ए-101: सारखं लागतं ना? मग फक्त ए विंगच का?

देशपांडे सर, बी-204: काकांचा मुद्दा सोडू नका. “मला आवडत नाही” म्हटलं तर कोणी कारण मागत नाही. “हे वाईट आहे” म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि तेच कारण तशाच दुसऱ्या प्रसंगालाही लावावं लागतं. तत्त्वज्ञ हेअर यांचा भर याच अटीवर होता.

शुभदाताई, ए-403: म्हणजे सी विंगच्या गरब्यालाही.

अनंतराव, सेक्रेटरी: त्याला परवानगी होती.

मोहनकाका, ए-101: किती वाजेपर्यंतची?

नितीन, बी-305: सर, सराफा बाजारातलं भुट्ट्याचं कीस चांगलं. याचंही कारण द्यायचं?

देशपांडे सर, बी-204: आवडलं एवढंच म्हणायचं असेल तर नको. इतरांनीही खावं असं म्हणायचं असेल तर हो.

मंगलाकाकू, बी-102: कणीस कोवळं हवं, दूध आटेपर्यंत मंद आचेवर हलवायला हवं. जून कणसाचा चोथाच लागतो, कितीही दूध घाला.

देशपांडे सर, बी-204: काकूंनी कसोटी दिली, आता वाद घालता येतो. ‘चांगलं’ची कसोटी वस्तूगणिक बदलते. चांगली लिफ्ट म्हणजे मजल्याशी बरोबर थांबणारी. चांगला शेजारी म्हटलं की आपण प्रत्येकजण वेगळी कसोटी धरतो आणि ती सांगत नाही, तिथे बिनसतं.

विद्या, सी-301: शनिवारी ग्रुपवर “चक्क बारा वाजता मुद्दाम लावलंय” असं आलं होतं. यातलं मत कुठलं?

देशपांडे सर, बी-204: ‘बारा वाजता’ ही माहिती. ‘चक्क’मध्ये नापसंती. ‘मुद्दाम’ सगळ्यात धोक्याचा, कारण तो दिसतो माहितीसारखा, पण दुसऱ्याच्या मनातला हेतू सांगतो. तो बघितलाय कोणी? ‘उगाच’, ‘निदान’, ‘तरी’ हेही असेच. एवढेसे शब्द, पण समोरच्याला तेच लागतात.

अनंतराव, सेक्रेटरी: बरं. हे बघा: “शनिवारी रात्री 11:40 वाजता ए विंगच्या गच्चीवर स्पीकर चालू असल्याची तक्रार आली. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत तिन्ही विंगांत गच्चीवर व मोकळ्या जागेत स्पीकर लावू नये. त्यामुळे शेजाऱ्यांची झोप मोडते. अन्यथा कडक कारवाई.”

शुभदाताई, ए-403: हे ठीक आहे. जुनी आजच काढा.

देशपांडे सर, बी-204: “झोप मोडते” हे कारण आलं, छान. ‘अन्यथा’ची ओळ मात्र झोपेच्या आधी हवी, आता ‘अन्यथा’ कशाला लागतो तेच कळत नाही. ‘कडक’ काढा. दंडाचा ठराव असेल तर तारीख आणि रक्कम लिहा, नसेल तर ती ओळच नको.

अनंतराव, सेक्रेटरी: ठराव झालेला नाही.

मोहनकाका, ए-101: मग येत्या सभेत घ्या. तिन्ही विंगांसाठी.