हायब्रिड घेतली, पण ॲव्हरेज १९ च्या पुढे सरकेना

कातळावरची:

मंडळी, गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण गणित शिकवते, त्यामुळे हिशेब सोडवत नाही. दीड वर्षापूर्वी स्ट्राँग हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक. कागदावर ॲव्हरेज जवळजवळ २८. विकणारा मुलगा तर म्हणाला होता, "मॅडम, पंपाचा रस्ता विसराल." विसरले नाही. उलट पंपावरचा पोरगा आता घरची खुशाली विचारतो.

मोजते कशी तेही सांगते. टाकी फुल, पहिल्या कटला थांबायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर त्याच नोझलला परत फुल. शेवटच्या पाच टाक्यांची सरासरी १९.४. गाडीची स्क्रीन मात्र २१ दाखवते. ती आमच्या ह्यांच्यासारखी आहे, सुरमई केवढ्याला आणली विचारलं की आकडा थोडा गोडच सांगणार.

रोजचा रस्ता पावसच्या अलीकडून. गोळपचा सडा (कातळाचं पठार), फणसोप, कसोप, मग भाट्याचा उतार, पूल आणि रत्नागिरी. जाऊन-येऊन ४० च्या आसपास.

आता माझे गुण. गाडी नुसत्या बॅटरीवर चालताना स्क्रीनवर हिरवा 'ईव्ही'चा दिवा लागतो, तो लागला की मला फार बरं वाटतं. तो विझू नये म्हणून घरी येताना भाट्याचा चढसुद्धा मी पंचविशीने चढते, पेडलखाली अंडं ठेवल्यासारखी. मागचे वडापवाले काय म्हणत असतील ते इथे लिहीत नाही. वर पोचेपर्यंत बॅटरीच्या दोन काड्या उरतात आणि मग सड्यावरच्या सपाट रस्त्याला इंजिन असं घुमायला लागतं, जणू चढ आत्ताच लागलाय.

शिवाय संध्याकाळी लेकीच्या क्लासबाहेर अर्धा तास एसी लावून थांबते. टायरमध्ये हवा ह्यांनी २७ वर ठेवलीय, खड्ड्यांत दणके कमी बसतात म्हणून. सकाळी दुधाला दोन किलोमीटरची फेरी वेगळी. नक्की कुठे चुकतंय?

मिस्टर_टॉर्क:

इको मोड लावा, एसी बंद, ८० च्या वर जाऊ नका. विषय संपला. माझी डिझेल आरामात २० देते, उगाच हायब्रिडच्या नादी लागलात.

कातळावरची:

भाऊ, मे महिन्यात दुपारी चारला साडी नेसून भाट्याच्या पुलावर या, मग एसीबद्दल बोलू. इको मोड पहिल्या दिवसापासून आहे. आणि त्या रस्त्याला ८० ची हिंमत कोणाची?

वर्कशॉपवाले_आबा:

ताई, मी चिपळूणचा. ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली. डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचं डिझेल मोजलं जायचं, त्यामुळे तीच गाडी, तोच रस्ता आणि दोन ड्रायव्हरांत केवढा फरक पडतो ते पुरेपूर पाहिलंय. लेकाने पुण्यात हायब्रिड घेतली, तिथे पार्किंगची बोंब, म्हणून गाडी माझ्या अंगणात. पहिले सहा महिने मीपण त्या हिरव्या दिव्यामागे येड्यासारखा लागलो होतो.

तुमच्या गाडीला बाहेरून चार्जिंग नाही. म्हणजे बॅटरीतली सगळी वीज शेवटी तुमच्याच पेट्रोलची. मात्र त्यातही दोन प्रकार. काही वीज ब्रेक लावताना परत मिळालेली, ती कमाई. काही इंजिनाने पेट्रोल जाळून भरलेली, ती उधारी. रत्नागिरीकडे राहता म्हणजे घरची नाहीतर शेजारची तरी कलमं असतीलच, तर असं समजा: इंजिनाची ताकद सरळ चाकाला गेली तर तो बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला आंबा. इंजिनातून जनरेटर, तिथून बॅटरी, मग मोटर, मग चाक, हा वाशीमार्गे गेलेला आंबा. प्रत्येक हात आपलं कापून घेतो.

तुम्ही भाट्याचा चढ बॅटरीवर चढता आणि वर गेल्यावर इंजिन ती उधारी फेडतं. उलट करा. पायथ्याशी चाळीस-पंचेचाळीसचा वेग घ्या आणि इंजिनाला चढू द्या. त्याचा आवाज ऐकून घाबरू नका. या गाड्यांचं ॲटकिन्सन सायकलचं इंजिन मध्यम ओझं असलं की सगळ्यात काटकसरीने चालतं. अगदी चांगल्या वेळीसुद्धा पेट्रोलमधल्या उष्णतेतली ४० टक्क्यांच्या आसपासच कामाला येते, आणि रेंगाळताना त्याहून बरीच कमी. सड्यावर पोचलात की पाय जरा सैल सोडा. इंजिन आपोआप निजेल, दिवा लागेल. तिथे तो शोभतो.

आता कमाई कशी वाढवायची? लांबून, हलका ब्रेक. थांबा दिसला, रस्त्यात गुरं बसलेली दिसली, शाळेपुढचा स्पीडब्रेकर आठवला की तेव्हाच पाय काढायचा. मोटरच जनरेटर होऊन वीज भरते. शेवटच्या क्षणी कचकन दाबलात तर ब्रेकचे पॅड घासून बरंचसं उष्णतेत जातं. आणि उतारावर न्यूट्रल अजिबात नको. आमच्याकडे डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणारे होते, त्यातल्या दोघांना मी स्वतः साहेबांपुढे उभं केलंय. ब्रेकचा धोका तर आहेच, पण हायब्रिडमध्ये एन टाकला की चार्जिंगसुद्धा बंद.

क्लासबाहेरचा अर्धा तास मला सगळ्यात जास्त खटकला. तुम्ही गणितवाल्या, हिशेब करून बघा. तुमच्या वर्णनाच्या गाडीची बॅटरी असते ०.७६ युनिटची. घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट! तीही पूर्ण भरू देत नाहीत, पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत, हाताला येते निम्म्याच्या आसपास. उकाड्यात एसी तासाला एक युनिट खातो असं धरा. अर्ध्या तासात अर्धं युनिट. म्हणजे मध्येच इंजिन उठणार. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णता साधारण ९ युनिटची, तिच्यातून वीज होऊन हाताशी येते अडीचच्या आसपास. म्हणजे रोज जागेवर उभ्याने पाव लिटरच्या थोडं खाली. तुमचं दिवसाचं पेट्रोल दोन लिटर. दहा टक्के तिथेच गेले, आणि मीटर एक किलोमीटरही पुढे नाही. सावली शोधा, काचा उघडा, नाहीतर वाचनालयात जाऊन बसा.

दुधाची फेरी: गार इंजिन नुसतं गरम व्हायला पेट्रोल पितं, आणि गरम होईस्तोवर तुम्ही घरी. दूध, किराणा, पोस्ट एका फेरीत उरका. टायरची हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर लिहिलेली असते, ती सकाळी गार टायरला भरा. साहेबांना सांगा, खड्ड्यात वेग कमी करायचा असतो, हवा नाही.

अजून एक, आणि हे शहरातले लोक सांगणार नाहीत. हायब्रिडमध्ये बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, त्यामुळे डिस्क आणि पॅड फारसे वापरलेच जात नाहीत. तुम्ही खाऱ्या वाऱ्यात. डिस्कला गंज चढतो, पॅड दाबणारा कॅलिपर अडकतो आणि पॅड घासत राहतो. कळायचं नाही, आवाजही येत नाही कधीकधी. घरी पोचलात की चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला लावू नका, पोळेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर सरळ गॅरेज गाठा.

घाटमाथा:

आबांच्या बॅटरीच्या हिशेबाला जोडून. मी महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरप्याला येतो. माणसं-सामान धरून गाडी दीड हजार किलोची. १०० मीटर खाली आलो की ०.४ युनिट होतं. सगळं काही बॅटरीत जात नाही, तरी पहिल्या काही वळणांतच ती काठोकाठ. पुढचा घाट फुकट. तेव्हा घाटमाथ्यावर येताना बॅटरी थोडी रिकामी असेल असं बघतो, आणि भरली की गियर 'बी'त, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरतं. बी हे ॲव्हरेजसाठी नाही हं, ब्रेक तापू नयेत म्हणून. सपाटीला बी वर चालवणारा एक मित्र आहे, त्याला १७ मिळतात आणि तो कंपनीला शिव्या देतो.

कागदावरचे २८ हे रोलरवरच्या चाचणीतले, एसी बंद, ठरलेल्या वेगाने. तिथे भाट्याचा चढ नाही, लेकीचा क्लास नाही. त्यात आता ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के, तर ई-० साठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका धरलाय. त्याला तुमचा पाय जबाबदार नाही.

मिस्टर_टॉर्क:

एवढं सगळं लक्षात ठेवून गाडी चालवायची? त्यापेक्षा एसटीने जा.

वर्कशॉपवाले_आबा:

जरूर जा. आमच्या पेन्शनीला हातभारच लागेल.

कातळावरची:

सहा आठवडे झाले, दोन टाक्या झाल्या, म्हणून परत आले.

आबा, तुमचं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'हवा नाही' इथे ते उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी हवा बरोबर होती. चढ इंजिनावर चढायला लागले. पहिले चार दिवस जीव तुटत होता, पण आता वर पोचल्यावर बॅटरीच्या पाच काड्या शिल्लक असतात आणि फणसोपपर्यंत बराच वेळ गाडी निःशब्द. वडापवाल्यांशीही संबंध सुधारलेत. पहिली टाकी २१.६.

मग चाकांना हात लावून बघितले. मागचं डावं चांगलंच तापलेलं, उजवं कोमट. गॅरेजवाल्याने चाक काढलं तर कॅलिपरच्या पिना गंजून घट्ट बसलेल्या, आतला पॅड निम्मा झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. साफ करून, ग्रीस लावून, पॅड बदलून दिले. "मॅडम, किनाऱ्याच्या गाड्यांचं हे नेहमीचं आहे," म्हणाला. नेहमीचं असेल तर सर्व्हिसिंगला दोनदा नेलेल्या गाडीत ते कोणी का बघितलं नव्हतं, हे विचारायचं राहून गेलं. दुसरी टाकी २२.८.

क्लासबाहेर आता एसी नाही. आंब्याखाली गाडी लावते, काचा खाली आणि पेपर तपासते. लेक येऊन बसली की पहिलं वाक्य "आई, किती गरम!" तिला पाव लिटरचं गणित समजावलं. म्हणाली, मग माझ्या पॉकेटमनीतून कापून घे.

दुधाची फेरी मात्र सुटलेली नाही. ती ह्यांची आहे, आणि ती दुधासाठी नसून पारावरच्या गप्पांसाठी आहे असं दिसतंय.

वर्कशॉपवाले_आबा:

२२.८ म्हणजे त्या रस्त्याला झकास. जूननंतर एक-दीडने उतरेल, तेव्हा पुन्हा चाकं चाचपडत बसू नका. ओला रस्ता चाकाला धरतो, काचेवरचं धुकं घालवायला एसी लागतोच. मात्र पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पिना साफ करून घ्याच. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसेल तेव्हा, दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक दाबत जा. डिस्कवरचा गंज घासून निघतो. त्यात थोडी वीज वाया जाईल, जाऊ दे.

आणि पाणी भरलेल्या रस्त्यात घालू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते मी माळ्यावर बसून बघितलंय. आता जोराचा पाऊस लागला की गाडी आधी मेव्हण्याच्या चढावरच्या अंगणात नेऊन ठेवतो. दीड किलोमीटर, गार इंजिन, ॲव्हरेज ११.