‘अजूबा’ला हसणाऱ्यांनो, जरा इकडं बघा

गोदाकाठी_नांदेड
काल इथं एकानं ‘हिंदीतले सगळ्यात भिकार दहा सिनेमे’ अशी यादी टाकली. पहिल्या नंबरला ‘अजूबा’. कारण काय, तर “हिरोची आई डॉल्फिन, यापुढं बोलायलाच नको. खेड्यातल्या पब्लिकला काय, उडता गालिचा दाखवला की झालं!” डॉल्फिनचं मी सोडून दिलं असतं. गालिच्याच्या वाक्यामुळं लिहायलोय.

ती खेड्यातली पब्लिक म्हणजे मी. माळेगावच्या जत्रेत टुरिंग टॉकीजच्या (गावोगाव फिरणाऱ्या सिनेमाच्या) तंबूत पाहिला, साल १९९४ असंल. आजोबा घोडा बघायला आलते, मी गोडीशेव खायला. कडाक्याची थंडी, खाली युरियाचं पोतं, अंगावर एकच रग. अमरीश पुरी त्या फौलादी शैतानाला जागं करायला लागला तेव्हा आमच्या पुढच्या फेटेवाल्यानं फेटा काढून मांडीवर घेतला. देवळात काढतेत तसा. तुमच्या मल्टिप्लेक्समध्ये कोणी असं काही करताना दिसलंय का?

अन् बनवणारा कोण होता, ते बघा. शशी कपूर. ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘३६ चौरंगी लेन’ यांना पैसा लावणारा, पृथ्वी थिएटर उभं करणारा. आयुष्यात त्यानं सिनेमा दिग्दर्शित केला तो हा एकच, मॉस्कोच्या गॉर्की स्टुडिओला सोबत घेऊन. १९९१ ला पिच्चर आला अन् त्याच वर्षी सोव्हिएत युनियनच गेलं. माणूस पार बुडाला त्यात. बुडाला म्हणून मूर्ख ठरतो का?

तूरडाळ_लातूर
बुडाला म्हणून शहाणाही ठरत नाही. हेतूला मार्क द्यायचे असतील तर आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या नाटकालाही द्या. अमिताभ तेव्हा ४८ वर्षांचा. डोळ्यांवर काळी पट्टी बांधली की आख्ख्या राज्यात त्याला कोणी ओळखत नाही, अन् तो फौलादी शैतान म्हणजे ज्वारीच्या कोठीला हातपाय लावलेत.

पेठेतला_पाहुणा
लहानपणी आवडलं म्हणून चांगलं, हा काही युक्तिवाद नव्हे. समीक्षा आणि आठवण वेगळी ठेवता आली पाहिजे.

गोदाकाठी_नांदेड
‘अग्निपथ’सुद्धा १९९० ला आपटलाच होता ना? आता तेच समीक्षक डोक्यावर घेऊन नाचायलेत. त्यांचं शहाणपण वीस वर्षं उशिरा येतं, त्याची वाट आम्ही कामून बघावी?

आणि डॉल्फिनचं म्हणाल तर पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्यानं कावडीनं पाणी भरलं, जनाबाईचं जातं विठ्ठलानं ओढलं, ते आपण ऐकतो तेव्हा हसू येत नाही. गोष्ट ही गोष्टीसारखी ऐकावी.

रांजण_पैठण
ओ थांबा. नाथांना कुठं ओढताय? षष्ठीला तो रांजण भरताना रांगेत उभं राहून बघा एकदा, मग बोला. श्रद्धा आणि तिकीट लावून दाखवलेला तमाशा एका तराजूत घालू नका.

गोदाकाठी_नांदेड
तमाशाला नाव ठेवायचं काम नाही. त्याच जत्रेत फड लागतेत अन् तिथं माझ्या आजोबांची पहिली रांग ठरलेली होती. बाकी तुलना चुकली असंल तर मागं घेतो. अर्धी.

पशुवैद्य_परभणी
गंमत म्हणून सांगतो, डॉल्फिन मासा नाही. सस्तन प्राणी आहे, पिलाला दूध पाजतो. म्हणजे सगळ्या सिनेमात शास्त्राला धरून एकच गोष्ट निघाली, तिलाच तुम्ही हसताय.

रीळबदल
माझा मामा टुरिंगवर ऑपरेटर होता, नांदेड-परभणी-हिंगोली पट्ट्यात. म्हणून एक विचारतो. गोदाकाठी भाऊ, ‘अजूबा’तली गाणी किती आठवतात?

गोदाकाठी_नांदेड
गाणी? ...एकपण नाही. का?

रीळबदल
कारण तुम्ही ती पाहिलेलीच नसणार. जत्रेत मालकाला एका रात्रीत चार खेळ ओढायचे असायचे. अडीच तासांच्या वरचा पिच्चर परवडायचाच नाही, मग कात्री. आधी गाणी, मग रडारड, मग हिरोइनी. मारामारी अन् जादू तेवढी ठेवायची. मशीन एकच, रीळ बदलायला दिवे लागायचे, त्या गडबडीत काय गेलं हे कोणाला कळतंय? तुम्ही जो बघितला तो शशी कपूरचा नव्हताच, माझ्या मामाचा होता.

तूरडाळ_लातूर
हाहाहा! म्हणजे चांगला दिग्दर्शक मामा. कपूरनं त्यांनाच एडिटिंगला घ्यायला पाहिजे होतं.

भूम_परांडा
हसताय काय? चोरी आहे ही. आमच्या गावात एका पिच्चरचा शेवटच कापला होता. खलनायक दरीच्या काठावर उभा, अन् पडदा पांढरा. ‘खेळ संपला, बाहेर निघा.’ पैसे घरून चोरून आणलेले, त्याबद्दल वडलांचा मार खाल्ला तो वेगळाच. दरीत पडला की नाही हे मला बारा वर्षांनी पुण्यात एका मित्राच्या सीडीवर कळलं. पडला नव्हता. बारा वर्षं मी त्याला मारून बसलो होतो.

रीळबदल
मामाच्या बाजूनं पण बघा. रात्रभर जनरेटरचा धूर, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या संपत आलेल्या, मालक डोक्यावर, पगार तीन-तीन महिने थकलेला. कात्री मालक चालवायचा, शिव्या मामा खायचा.

भूम_परांडा
पगार थकला म्हणून पोरांचा शेवट कापायचा? व्वा.

पेठेतला_पाहुणा
मूळ विषय ‘अजूबा’ होता, याची नम्र आठवण.

भूम_परांडा
तुमच्याकडं तीन-तीन टॉकीज होत्या, तुम्हाला शेवट दिसायचे. तुम्ही नका आठवण देऊ.

गोदाकाठी_नांदेड
मला रात्री झोप नाही आली हे वाचून. आज यूट्यूबवर पूर्ण बघायला बसलो. खरं सांगतो, गाण्यांत दोनदा डुलकी लागली. मधला बराच भाग पाणी घातलेल्या ताकासारखा आहे. इतकं मान्य. पण शैतान उठतो तिथं उठून बसलो. तेवढं तर कपूरचंच आहे ना? मामानं ते कापलं नाही, त्यालाही कळलंच होतं.

तूरडाळ_लातूर
बरं, आता माझंही ऐका. तुम्हाला खोटं पाडायला मीपण परवा लावला होता. सात वर्षांची पोरगी शेजारी येऊन बसली. कोठीवाल्या शैतानाला ती माझ्यापेक्षा जास्त हसली, तेव्हा बरं वाटलं. पण जेवताना विचारते, “पप्पा, त्याला मासोळी आईच्या हातचं जेवण कसं मिळायचं? तिला तर हातच नाहीत.” दोन दिवस हेच चाललंय. यादीत पहिला नको, अकरावा ठेवा. खूश?

पशुवैद्य_परभणी
मासोळी नाही हो.

रीळबदल
आज मामाकडं गेलो होतो. ऐंशीला टेकलेत, डोळ्याला कमी दिसतं. पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, कापलेले तुकडे त्यात. लहानपणी उडालेल्या बल्बात पाणी भरून, आरशानं ऊन पाडून आम्ही ते भिंतीवर बघायचो. चिकटलेत बरेच, व्हिनेगरसारखा वास येतो. ‘अजूबा’चे कोणते म्हणून विचारलं तर मामा म्हणले, “निळं पाणी दिसलं की समज.” एक निघाला, हातभर. दोन्ही हिरोइनी आहेत, बहुतेक गाणंच.

भूम_परांडा, तुमच्या पिच्चरचं नाव सांगा. दरी शोधतो.