विश्वास बळकट होतो, दृढ होतो की वाढतो?

सदरकर: चर्चचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रविवारी ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा काळ, लागतो. मथळा लिहिला, 'आगमनकाळात श्रद्धा बळकट करूया'. आजीनं चष्मा कपाळावर सरकवला, "श्रद्धा काय भिंत आहे? आपल्यात विश्वास म्हणतात." शेजारचे काका म्हणाले, "काऊन बाप्पा, कोणाचं आगमन? गणपती तर कधीचेच गेले." परवा छापायला द्यायचंय.

धरमपेठी: आजी बरोबर. बायबलात इब्री ११:१ मध्ये विश्वासच आहे, शेजारी भरवसा आणि खातरी. पण तो 'दृढ' करा. बळकट पलंग असतो.

मेकोसाबागकर: 'दृढ' भाषणातलं. आमचे बाबा रात्रीच्या प्रार्थनेत म्हणायचे, "प्रभू, आमचा विश्वास वाढव." लूक १७:५ मध्ये प्रेषितही तेच मागतात. वाढव, बस्स.

धातुवेडा: श्रद्धा का टाकता? श्रत् + धा, म्हणजे हृदय ठेवणं. लॅटिन 'क्रेडो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', त्याच कुळातला. विश्वासात नुसता श्वास आहे.

मेकोसाबागकर: नुसता? निर्धास्त श्वास! आणि 'अंधश्रद्धा'नं श्रद्धेची पार वाट लावली. अंधविश्वास हिंदीत, आपल्याकडे नाही.

धातुवेडा: मग विश्वासघात? श्रद्धाघात कधी ऐकलाय?

धरमपेठी: 😀 हे मात्र खरं.

जुनी वही: पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत केलं, १९२४ साली छापून आलं. तुमचं एक पान बसेना? 'आगमन' ॲडव्हेंटच्या मूळ लॅटिन शब्दाला चपखल आहे, पण आगमन येशूचं, आपल्या वाट्याला वाट बघणं. बेथलेहेमातलं येणं आठवायचं आणि पुन्हा येण्याकडे डोळे लावायचे. आई शेवटच्या आजारात रोज संध्याकाळी तेवढंच करायची. तिचा विश्वास बळकट झाला की वाढला, मला सांगता येणार नाही. 'वाट पाहण्याचे चार रविवार' लिहा.

धरमपेठी: चार रविवार वाचून लोक सुट्ट्या मोजतील.

सदरकर: बरं, आत 'पहिली मेणबत्ती प्रज्वलित करून' असं आहे. आजी म्हणते 'लावून' लिही. मी 'पेटवून' केलं, तर म्हणे चूल आहे का?

मेकोसाबागकर: लावूनच. आणि उपासना संपल्यावर 'विझवली' नका लिहू, 'शांत केली'.

धातुवेडा: मेणबत्तीला कुठलं शांत? ते समईला.

मेकोसाबागकर: आमच्या घरी मेणबत्तीलाही.

जुनी वही: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी मिळाली का? सदरच्या बाजारात मला गुलाबी म्हणून वाढदिवसाच्या केकवरची, बोटाएवढी दाखवली.

सदरकर: आमच्याकडे मागच्या वर्षीची अर्धी उरलीय. पण मथळ्याचं काय?

धातुवेडा: आधी 'शांत'चं ठरू द्या.