सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांची पिल्लं अंड्यातून निघतात पण टिकत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक अस्तराचं, त्यात सायप्रिनस आहेत (रोहू-कटला नाही, ते साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत हे माहीत आहे). मागच्या आठवड्यात जलपर्णी टाकली तर पहाटे माद्यांनी मुळांवर अंडी चिकटवली, मोहरीपेक्षा बारीक, पिवळसर. दुसऱ्या दिवशी बऱ्याच अंड्यांत दोन काळे ठिपके म्हणजे डोळे दिसले, मग जीवच भांड्यात पडला. काही पांढरी पडून कापसासारखी बुरशी आली ती हाताने काढली. तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली, मुळांना लटकून होती, पोटाखाली अन्नाची पिवळी पिशवी स्पष्ट दिसत होती, आणि दोन दिवसांत एकही उरलं नाही!

मोठे मासे त्याच तळ्यात आहेत, शिवाय चतुराच्या अळ्या आणि उलटे पोहणारे किडेही. पिल्लांना खायला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा वस्त्रगाळ करून टाकला, उपयोग नाही. किड्यांसाठी साबण-तेलाचं मिश्रण सांगतात पण हेच पाणी ठिबकने डाळिंबाला जातं म्हणून नको वाटतं, तळं रिकामंही करता येत नाही, वीज रात्रीच असते.

आता पुन्हा माद्यांची पोटं फुगलीत. अंडी लागलेली जलपर्णी लगेच हाप्यात (पाण्यात बांधतात त्या बारीक जाळीच्या पेटीत) हलवू की डोळे दिसल्यावर? हाप्याची जाळी किती बारीक घेऊ म्हणजे पिल्लं निसटणार नाहीत आणि पाणीही खेळतं राहील? आणि पिशवी संपली की पहिल्या दिवशी नेमकं काय खायला द्यायचं?