फौजेतून परतल्यावर केळी उत्पादकांचे प्रश्न मांडायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ (रावेर):
राम राम मंडळी. मार्चअखेर फौजेतून निवृत्त होतोय. घरची तीन एकर केळी आहे. पुढचं आयुष्य शेतकऱ्यांच्या विमा, वजनकाटा आणि भावाच्या प्रश्नांना द्यायचं ठरवलंय, निवडणुकीत पडायचं नाही. शेतकरी उत्पादक कंपनी काढावी, संस्था नोंदवावी की आधी दुसरं काही करावं? आणि पेन्शन असल्यावर स्वतःच्या शेतीला कोणत्या योजना मिळत नाहीत?

यावलकर:
सुभेदार साहेब, तुमच्यासारख्या माणसाची तालुक्याला गरज आहे. पण सेवामुक्तीचं डिस्चार्ज बुक हातात पडेपर्यंत कुठल्याही संघटनेचं पद घेऊ नका, वर्तमानपत्राला काही देऊ नका. आर्मी रूल १९५४ मधले १९ ते २१ हे नियम तुम्हाला माहीतच असतील.

पेन्शनचं सांगतो. दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर पीएम-किसान मिळत नाही, सवलत फक्त चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेल्यांना. जमीन वहिनींच्या नावावर केली तरी उपयोग नाही, कारण निकष कुटुंबाला लागतो. चुकून हप्ते आले तर वसुली निघते. पीकविमा, किसान क्रेडिट कार्ड आणि ठिबकचं अनुदान यांना पेन्शनची आडकाठी नाही. मात्र शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा.

कंपनीची घाई नको. दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक मिळाले की ती नोंदते, हे खरं. पण पहिली सर्वसाधारण सभा ९० दिवसांत, दर तीन महिन्यांत संचालकांची बैठक, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी, वर्षाला ऑडिट, हे सगळं एक क्विंटल माल विकला नाही तरी चुकत नाही. कंपनी ही व्यापारासाठी. प्रश्न मांडायला सात जणांची संस्था पुरते, आणि पहिलं वर्ष तर तीही नको. एक महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट धरा, त्यातले शंभर खातेदार धरा आणि त्यांचे कागद नीट लावून द्या.

केळीबाग_चोपडा:
वरच्याला जोडून विम्याचं सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त माणूस तिथंच अडतो. केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. थंडी आणि उष्णतेची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेत पानं किती करपली यावर नाही. वेगाचा वारा आणि गारपिटीला मात्र ७२ तासांत कळवावं लागतं आणि शेतावर येऊन पाहणी होते. लोक हे दोन्ही एकत्र करतात. थंडीला अर्ज करत बसतात आणि वाऱ्याला तलाठ्याची वाट बघत तीन दिवस घालवतात.

दुसरं म्हणजे सीएमव्ही, केळीवरचा विषाणूचा रोग, आपला हरण्या. रोग या विम्यात बसत नाही. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, पावसाळी ढगाळ हवेत मावा वाढला की तो पसरतो. बागेत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो असेल तर आणखी जोरात. त्यावर मागणी करायची तर कृषी विभागाकडे, रोगट झाडं उपटण्याआधी पाहणी करून घेऊन. मागे रिकामे खड्डे दाखवून कुणी पंचनामा करत नाही. म्हणून पहिलं पिवळं पट्ट्याचं पान दिसलं त्याच दिवशी लेखी कळवा, पण झाडं आठवडाभर उभी ठेवू नका, नाहीतर शेजारची बाग जाते.

काट्यासाठी वैधमापन विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र मागा. इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दरवर्षी लागतं. घडाच्या दांड्याची कपात आणि कॅरेटचं वजन सौद्याआधी पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, लिहून घ्या. रावेरचा जाहीर भाव, बऱ्हाणपूरचा लिलाव आणि पट्टीवरचा प्रत्यक्ष भाव हे तीन आकडे रोज एका वहीत, नवती (नव्या लागवडीची) आणि पिलबाग (पिलांवर धरलेली) वेगळी. सहा महिन्यांची अशी वही समोर ठेवली की बाजार समितीत बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं.

अमळनेर_कापूस:
आमच्याकडची बाजूही लक्षात असू द्या, कारण तुमच्याकडे कापूसवालेही येतील. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाला, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर माल परत. वेचणी सकाळी दवात केली की गाडी परत येणारच. आणि ई-पीक पाहणीत कापूस नोंदला नसेल तर केंद्रावर वाद घालून काही होत नाही.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. वाऱ्याने बाग पडली तर पंचनाम्यात नेमकं काय लिहून घ्यावं?

केळीबाग_चोपडा:
गट नंबर, बागेखालचं क्षेत्र, लागवडीची तारीख, मृग की कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटी लावलेली), एकूण खोडं, मोडलेली, मुळासकट पडलेली आणि त्यातली निसवलेली (घड बाहेर पडलेली) किती, हे सगळं वेगवेगळं. ५ बाय ५ फुटांवर एकरी १७४२ खोडं बसतात. सरकारी मदतीची अट ३३ टक्के नुकसानीची, म्हणजे एकरात साधारण ५७५ खोडं. म्हणून ओळीनं मोजा. «अंदाजे» हा शब्द पंचनाम्यात येऊ देऊ नका, पुढं टक्केवारी तिथंच घसरते. फोटो अडवं पडलेलं खोड आणि शेताची ओळखीची खूण, विहीर किंवा बांधावरचं झाड, एकाच चौकटीत येईल असा. रकाने रिकामे असतील तर शेतकऱ्याला सही करू देऊ नका. विमा आणि सरकारी मदत, दोन्हींचे पंचनामे वेगळे असतात, एक झाला म्हणून दुसरा सोडू नका.

प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील. अर्जात «का दिलं नाही» असं विचारू नका, «अमुक गटाच्या पंचनाम्याची प्रत द्या» एवढंच लिहा.